मामांनी बुजवलेली फट

माझे मामा दात करायचे. खोटे दात, कवळ्या. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत, मामा त्या मापात प्लास्टर ओतून जबडा काढत आणि त्या जबड्यावर मेणात एकेक दात मांडत. चौतीस वर्षं हेच चाललं होतं. एवढ्या वर्षांत ज्यांचे दात केले त्यांतल्या एकालाही त्यांनी कधी हसताना पाहिलं नव्हतं. लॅब एका इमारतीच्या मागच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर. तिथे माणसं येत नसत, डबे येत. डब्यात माप, मापाबरोबर एक चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. "मी अर्ध्या गावाला ओळखतो," मामा म्हणायचे, "पण फक्त आतल्या बाजूने."

उरलेला सगळा जीव जॅझमध्ये. हे वेड त्यांना कुठून लागलं ते आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. शाळेत असताना शेजारचं बिऱ्हाड हललं, त्यांनी सात-आठ तबकड्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवल्या आणि मामांनी त्या उचलून आणल्या, एवढंच ते सांगत. त्या सात-आठच्या पुढे सहाशे झाल्या. मामी पाहुण्यांना सांगायची, "यांची दोन लग्नं झालीत. एक माझ्याशी, दुसरं त्या काळ्या, गोल, गप्प बसणाऱ्या बाईशी. आणि तिला ते रोज मऊ फडक्याने पुसतात."

ऐकायचे त्यांचे नियम होते. कामावरून आल्यावर आधी हात धुवायचे, नखं घासायच्या ब्रशने, तीनदा, कारण प्लास्टरचा एक कण खाचेत गेला तरी तबकडीची वाट लागते. मग धुतलेला सदरा. खुर्ची भिंतीकडे तोंड करून. "खिडकीकडे बसलं की डोळे ऐकू देत नाहीत," हे त्यांचं कारण. एका दिवशी एकच तबकडी, तीही एकच बाजू. दोन्ही बाजू लागोपाठ ऐकणं म्हणजे जेवणावर जेवण. आणि मांडीवर वही. वहीत ते चांगलं-वाईट असं काही लिहीत नसत, फक्त काय ऐकू आलं ते लिहीत. 'दुसरं गाणं, मध्यावर ड्रमवाला तारांचे ब्रश खाली ठेवतो.' 'पियानोवाल्याची खुर्ची कुरकुरते, त्याला माहीत आहे, तो थांबत नाही.' कानात प्राण आणून ऐकणं म्हणजे काय ते मी मामांच्या पाठीकडे बघून शिकले.

तीन तबकड्या त्यांच्या विशेष लाडक्या. एकीत एक गायिका मधेच शब्द विसरते, हसते आणि तसंच हसत हसत नुसत्या आवाजावर गाणं पुरं करते. दुसरीत फक्त पियानो आणि डबल बास, दोघे भांडून अबोला धरल्यासारखे वाजवतात आणि शेवटच्या मिनिटात बोलायला लागतात. तिसरी आमच्याच शहरातली. एका हॉटेलच्या बँडमधल्या सात जणांनी फार वर्षांपूर्वी काढलेली एकुलती एक तबकडी. तिच्या मागच्या बाजूला एक संथ चाल आहे, त्यात ट्रम्पेटवाला चार मात्रा नुसता थांबतो आणि मग येतो तो सुराआधी थोडी हवा घेऊन येतो. हलकीशी फुसफुस, मग सूर. मामा म्हणायचे, "बघ, सुरात वारा आहे. हा वारा दुसऱ्या कोणाकडे नाही." कव्हरवर सातही जणांचा फोटो होता. ट्रम्पेटवाला सगळ्यांत कडेला, तोंड भरून हसणारा, समोरच्या दोन दातांमध्ये ही एवढी फट. दातांचा धंदा असून मामांच्या डोक्यात त्या फटीचा आणि त्या वाऱ्याचा संबंध कधी आला नाही. हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं.

ती गोष्ट घडली तेव्हा मामा अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्या आठवड्यात रेडिओवर परदेशातला एक कार्यक्रम थेट लागणार होता. अकरा वर्षं पियानोला हात न लावलेला एक वादक पुन्हा लोकांसमोर बसणार होता. वेळ संध्याकाळी साडेपाचची. पुन्हा प्रक्षेपण नाही. मामांनी घरी आठ दिवस आधी जाहीर केलं होतं की त्या दीड तासात घराला आग लागली तरी आधी शेजाऱ्यांना सांगा.

त्या दिवशी दुपारी तीनला एका डॉक्टरबाईंकडून डबा आला. वरचे समोरचे चार दात हलत होते, ते दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचे आणि तिथल्या तिथे नवे बसवायचे. म्हणजे आजच करून ठेवायला हवं. चिठ्ठीवर नंबराखाली डॉक्टरबाईंनी हाताने लिहिलं होतं: 'पेशंट ट्रम्पेट वाजवतात. समोरच्या दातांची फट आणि कल आहे तसाच ठेवावा. कापण्याआधी जबड्याचा दुसरा साचा काढून जपून ठेवावा.'

मामांनी चिठ्ठी वाचली. नंतर हे सांगताना त्यांनी स्वतःला एकही सवलत दिली नाही, ही तर नाहीच. वाचली होती. 'ट्रम्पेट' हा शब्द वाचून ते क्षणभर हसलेसुद्धा होते, आज दिवसच तसा आहे म्हणून.

अशा कामात प्लास्टरच्या जबड्यावरचे मूळ दात कापून टाकायचे असतात आणि त्यांच्या जागी नवे मांडायचे असतात. एकदा कापले की मूळ कसे होते ते कोणाला सांगता येत नाही. म्हणून आधी दुसरा साचा. त्याला पाऊण तास लागतो. मामांनी घड्याळ बघितलं, चार वाजत आले होते. पाऊण तास इथे गेला तर बस गेली, बस गेली तर सुरुवातीची वीस मिनिटं गेली. त्यांनी मनाशी म्हटलं, चौतीस वर्षं डोळ्यांनी मापं घेतोय, लक्षात राहील. आणि करवत फिरवली.

हात सवयीचे. सवयीचे हात सरळ दात मांडतात, कारण सगळ्यांना सरळच हवे असतात. त्यांनी थोडी फट ठेवली, मग ती वेडीवाकडी दिसायला लागली म्हणून निम्मी केली, मग घाईत मेण गार होताना दात जवळ सरकले ते तसेच राहू दिले. पुढचं काम त्यांच्या मदतनीस बाईंनी पुरं केलं. कवळी सुरेख झाली होती. पाच वीसला मामा घरी खुर्चीत बसलेले होते, हात धुतलेले, सदरा धुतलेला. कार्यक्रम फार चांगला झाला. वहीत चार पानं भरली. मामीने विचारलं तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "आज जन्माचं सार्थक झालं."

सहा आठवड्यांनी डॉक्टरबाईंचा लॅबमध्ये फोन आला.

"ते ट्रम्पेटवाले पेशंट आठवतात? दिसायला छान आहे हो, खाताही येतं. पण वाजवता येत नाही म्हणतात. ओठांना धरच मिळत नाही. तुमच्याकडचा तो दुसरा साचा द्या पाठवून, आपण तुलना करू."

मामांच्या तोंडातून जे निघालं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. "तो... तो फुटला, डॉक्टर. गेल्याच आठवड्यात. फळीवरून पडला."

"अरे अरे. मग आता? फार वाईट वाटतं हो. साधा माणूस नाही, तुम्हाला गाण्याचं वेड आहे ना, तुम्हाला माहीतच असेल." आणि त्यांनी त्या हॉटेलचं आणि त्या सात जणांच्या बँडचं नाव घेतलं.

मामा घरी आले, हात न धुता ते कव्हर काढलं आणि कामाचं भिंग लावून फोटो बघत बसले. मामीला वाटलं, नवीन तबकडी आणली असेल.

त्यांनी दुसरी कवळी स्वतःहून करायला घेतली. फोटोतली फट भिंगाने मोजली, कागदावर आकडे मांडले, पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या फोटोतले दात काय आणि परवाचे हलणारे दात काय. तरी केली. डॉक्टरबाईंना म्हणाले, "मी स्वतः येतो बसवायला. पेशंटला लॅबमधला माणूस भेटला तर बरं." चौतीस वर्षांत हे पहिल्यांदाच.

ट्रम्पेटवाले अडुसष्ट वर्षांचे होते, मुलीबरोबर राहत. मुलीचं तळमजल्यावर कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान, वर दोन खोल्या. जिन्यात नेहमी गरम वाफेचा आणि साबणाचा वास. त्यांच्या खोलीत खिडकीपाशी एक खुर्ची, समोर भिंतीला दाढीचा आरसा, खाटेवर काळी पेटी. रविवारी संध्याकाळी ते आणखी तिघांबरोबर एका हॉटेलच्या लॉबीत वाजवत आणि रोज सकाळी दहा ते अकरा या खिडकीत रियाज करत. म्हणजे करत असत.

मामांना त्यांनी दारातच नमस्कार केला. "लॅबमधून तुम्ही स्वतः आलात? माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या चार दातांसाठी?" मुलीला हाक मारून म्हणाले, "अगं, चहा टाक. असा माणूस शोधून सापडायचा नाही."

मामांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. ते खाली मान घालून मेण तापवत राहिले.

दुसरी कवळी जमली नाही. तिसरी मामा पंधरा दिवसांनी घेऊन गेले, तीही नाही. चौथीने सूर फुटला पण ओठ कापला. प्रत्येक वेळी चहा, प्रत्येक वेळी ते कौतुक. ट्रम्पेटवाले मामांची लॅबमधली गंमत विचारत, स्वतःच्या बँडच्या गोष्टी सांगत, आणि मामा त्या सगळ्या ऐकत असताना आतून मन खात असायचं. एकदा तर ते म्हणाले, "तुम्हाला आमची तबकडी माहीत आहे? मग तर तुम्ही घरचेच." मामा त्या दिवशी चहा न घेताच उठले.

पाचव्या वेळी मुलगी खाली दुकानात होती. ट्रम्पेटवाल्यांनी कवळी बसवली, ट्रम्पेट ओठांना लावलं, दोनदा फुंकलं आणि खाली ठेवलं.

"राहू दे हो आता," ते म्हणाले. "तुमच्या कामात खोट नाही. ओठच गेले माझे. वय झालं. मी काल त्या तिघांना सांगून टाकलं, दुसरा कोणी बघा म्हणून."

"सांगितलंत?" मामांनी विचारलं.

"सांगितलं. किती दिवस अडवून ठेवायचं लोकांना?"

मामांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग ते बोलले.

"ओठ नाही गेले तुमचे. दात मी चुकवलेत."

"हं?"

"तुमच्या दातांत फट होती. ती तशीच ठेवा असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. मी वाचलं होतं. जुन्या दातांचा साचाही काढून ठेवायचा होता, तो मी काढलाच नाही. फुटला म्हणून सांगितलं ते खोटं. मला घरी जायची घाई होती."

"कसली घाई? कोणी आजारी होतं?"

मामांना तेवढं एक सांगवेना. पण आता मागे फिरायलाही जागा नव्हती. "रेडिओवर कार्यक्रम होता. जॅझचा."

ट्रम्पेटवाले हसले. अगदी मोठ्याने. मामांनी केलेले ते चार दात पहिल्यांदाच पूर्ण दिसले आणि मामा सांगतात की तेवढं भयंकर काही त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही.

मग हसणं थांबलं. "चार महिने," ते म्हणाले, "चार महिने मी रोज सकाळी या आरशासमोर बसून माझ्या ओठांना शिव्या देतोय. मला वाटलं, माझंच संपलं. दात चुकले ते चुकले, माणसाच्या हातून चुकतं. पण तुम्ही दर पंधरा दिवसांनी इथे येऊन बसत होतात. माझा चहा पीत होतात. एकदा बोलायचं होतंत. मी त्या तिघांना नाही म्हणालो नसतो."

जिन्यावर पावलं वाजली, मुलगी कपड्यांचा गठ्ठा घेऊन वर आली होती. तिने दोघांची तोंडं बघून विचारलं, "बाबा, काय झालं?" बाबांनी सांगितलं, एका वाक्यात, आवाज न चढवता. मुलीने गठ्ठा खाटेवर ठेवला आणि मामांकडे वळली.

"तुम्ही आता उठा," ती म्हणाली.

मामा उठले. तिथून सरळ डॉक्टरबाईंकडे गेले आणि त्यांनाही खरं सांगितलं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि त्यानंतर वर्षभर मामांच्या लॅबला एकही काम पाठवलं नाही. मामांनी त्याबद्दल कधी तोंडातून ब्र काढला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी तबकडी लावली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामी काळजीत पडली. ज्या बाईच्या नावाने तिने जन्मभर थट्टा केली तिच्यासाठी तीच आता म्हणायची, "अहो, लावा ना एखादी. बरं नाही का वाटत?" ते म्हणत, "नको गं. ऐकायला बसलं की मला करवत ऐकू येते." तो रेडिओवरचा कार्यक्रम वहीत चार पानं होता, तो त्यांनी पुन्हा कधी वाचला नाही. पण फाडलाही नाही. "चांगला होता तो," ते मला म्हणाले. "वाईट असता तर सोपं गेलं असतं."

दीड महिन्याने ट्रम्पेटवाल्यांनीच निरोप पाठवला. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून चिठ्ठी आली: 'हत्यारं घेऊन यावं. आमची तबकडी आणि वाजवायचं यंत्रही आणावं. माझ्याकडे नाही.' माफीचा शब्द त्यात नव्हता.

मामा गेले तेव्हा मुलगी खाली इस्त्री करत होती. तिने वर बघितलं नाही. वर ट्रम्पेटवाल्यांनी आधी ती संथ चाल लावायला सांगितली. मामा आयुष्यात पहिल्यांदाच ती कोणाच्या शेजारी बसून ऐकत होते, आणि तो कोणी म्हणजे खुद्द वाजवणारा. चार मात्रांचा थांबा आला, मग ती फुसफुस, मग सूर. मामांनी डोळे मिटले.

"ही फुसफुस ऐकलीत?" ट्रम्पेटवाले म्हणाले. "जन्मभर घालवायला बघितली मी. बँडमास्तर त्यावरून मला किती बोलायचे. तबकडी घरात ठेवली नाही ती त्यामुळेच."

"मला तीच आवडते," मामा म्हणाले.

"असेल. पण ती गेली आणि तिच्याबरोबर बाकीचंही गेलं. चला, घासा आता."

त्या दिवशी मामांनी मोजमाप बाजूला ठेवलं. नव्याने करून आणलेल्या सातव्या कवळीच्या मधल्या दोन दातांच्या कडा बारीक कानशीने घासायच्या, कवळी धुऊन द्यायची, ते फुंकून बघायचे. "अजून." पुन्हा घासायचं. "अजून थोडं. डावीकडून." असे ते तीन दिवस गेले, रोज दोन तास. तिसऱ्या दिवशी खालचे आणि मधले सूर आले. वरचे आले नाहीत ते आले नाहीतच. फुसफुसही परत आली नाही. कवळीतून वेगळाच आवाज निघायचा, कोरडा, जरा घोगरा. हॉटेलवाल्या तिघांनी एव्हाना एक सॅक्सोफोनवाला घेतला होता, आणि तो चांगला होता. ट्रम्पेटवाल्यांनी त्यांना पुन्हा विचारलं नाही. सकाळी दहाला खिडकीत बसून अर्धा तास वाजवायचे, तेवढंच.

शेवटच्या दिवशी मामांनी दारात कसंबसं विचारलं, "तुम्ही मला माफ केलंत का?"

ते म्हणाले, "मला माहीत नाही. रोज सकाळी मधल्या सुरापर्यंत केलेलं असतं. वरचा घ्यायला गेलो की नसतं." आणि तबकडी मामांच्या हातात परत दिली.

पुढे मामांनी कानाला खडा लावला. आलेल्या प्रत्येक जबड्याचा दुसरा साचा, गरज असो नसो. प्रत्येक चिठ्ठी मदतनीस बाईंना मोठ्याने वाचून दाखवायची. फळ्या भरल्या, कपाटं भरली, खोकी जिन्यात आली. घरमालक कुरकुरला, डॉक्टर हसले. दीड वर्षानंतर ते पुन्हा ऐकायला बसू लागले, खुर्ची भिंतीकडेच, पण वही सोडून दिली. हॉटेलच्या बँडची तबकडी मात्र त्यांनी वर्षातून एखाददाच लावली आणि मागची बाजू कधीच नाही.

हे सगळं मला गेल्या वर्षी कळलं. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. सकाळी फोन वाजला, मीच उचलला. एका बाईंनी मामांना विचारलं. मामांनी ऐकलं, दोनदा "हो" म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"गाडी काढतेस? बेसिनमध्ये पडून एक कवळी फुटलीय. माणूस ऐंशीचा आहे. मी केलेली आहे, दुसरा कोणी हात लावायला नको."

आम्ही जाऊन ती दुकानातून घेतली. ट्रम्पेटवाल्यांच्या मुलीने काउंटरवरून नुसतं पाकीट पुढे सरकवलं. मामा तेव्हा निवृत्त झालेले, पण लॅबमध्ये त्यांचं टेबल अजून होतं. डोळ्याला पट्टी, दुसऱ्या डोळ्याला भिंग, मी दिवा धरून बसले आणि ते जोडकाम करत करत हे सगळं बोलले. मी मधे एकदाच विचारलं, "मामा, एवढ्या वर्षांत तुम्ही आम्हाला कोणालाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही म्हणाला असता, जाऊ दे," ते म्हणाले. "मला ते ऐकायचं नव्हतं."

दुपारी आम्ही परत गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मामांनी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि सकाळसारखेच वळले, तशी ती म्हणाली, "थांबा. टोचते का ते बघून जा. मला त्यातलं कळत नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जा, मी इथे आहे." ते कठड्याला धरून जिना चढले. ती मशीनमधून कपडे काढत राहिली, मला बसायला स्टूल दिलं. पाऊण तासाने मामा खाली आले. बोटांना कवळीची गुलाबी भुकटी लागलेली होती.

"उजवीकडे थोडी टोचत होती," ते तिला म्हणाले. "घासलीय. उद्या पुन्हा दुखलं तर फोन करा."

"करीन," ती म्हणाली आणि पुढचा सदरा इस्त्रीवर घेतला.